उपचारानंतरची सोबत

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात, कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांच्या व्यायामगटाच्या वतीने झालेले भाषण)



अहवालाच्या तक्त्यांत बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, शिबिरे यांची नोंद असते. ती असावीच; आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब तिच्यातूनच आपणांस मिळतो. आज मात्र आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याला या तक्त्यांत रकाना नाही. कर्करोगाचे उपचार संपले, फाइलवर ‘तीन महिन्यांनी तपासणीस यावे’ असा शेरा पडला आणि रुग्ण घरी परतला. त्या तीन महिन्यांत त्याचे दिवस कसे जातात, हा तो विषय.

आपल्या जिल्ह्याची आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ओळख जुनी आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून कोकणातल्या किती पिढ्यांनी त्याचे जिने चढले असतील, याची गणती कोण करणार? एके काळी लोक बोटीने गेले, पुढे एस.टी.ने रात्रभर घाट उतरत-चढत गेले, आणि जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर रेल्वेने जाऊ लागले. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने गावोगावी कर्करोगाच्या तपासणीचे जे काम केले, त्यामुळे रोग लवकर ओळखला जाण्याची वाटही आपल्याकडे रुंदावली. या दोन्ही संस्थांविषयी जिल्ह्याच्या मनात कृतज्ञता आहे. रोगाशी लढण्याची व्यवस्था अपुरी असेल, पण आहे. रोग मागे पडल्यावर माणसाला पुन्हा माणसांत आणण्याची व्यवस्था जवळजवळ नाही.

एक गोष्ट आमच्या वारंवार कानी येते आणि प्रथमदर्शनी ती विचित्र वाटते. मुंबईत उपचार घेत असता दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहिलेले रुग्ण सांगतात, की तिथे हाल झाले, पण एकटे वाटले नाही. धर्मशाळेत शेजारच्या खाटेवरही हाच आजार. केस गेलेले दुसरे डोके समोरच असते, नळीतून जेवणारा माणूस जिन्यात भेटतो, आणि कुणी कुणाला ‘कसे झाले हो हे’ असे विचारत नाही. एकटेपणा सुरू होतो तो गाडीतून रत्नागिरीच्या स्थानकावर उतरल्यानंतर, स्वतःच्या घराच्या पायरीवर.

याला आपल्या मुलखाची ठेवणही काही अंशी कारणीभूत आहे. आपली घरे देशावरच्या गावांसारखी एकमेकांना खेटून नसतात. वाडी डोंगराच्या कुशीत पसरलेली, दोन घरांमध्ये एखादे आगर, एखादा व्हाळ, जांभ्याच्या पंधरा-वीस पायऱ्या. त्यात घरातले कर्ते पुरुष मुंबईला. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. हा आकडा वाचून काहींना अभिमान वाटतो. वस्तुतः तो बव्हंशी चाकरमान्यांच्या गैरहजेरीचा आकडा आहे. उपचार घेऊन आलेली बाई ज्या घरात परतते, त्या घरात पुष्कळदा सासूबाई, शाळेत जाणारी मुले आणि आठवड्यातून दोनदा वाजणारा फोन एवढेच असते. पायांत केमोथेरपीची बधिरता असेल, तर त्या वीस पायऱ्या उतरून शेजारी जाणे हेही तिला धाडसाचे वाटते.

माणसे येत नाहीत असे नाही. पहिल्या आठवड्यात येतात, शहाळी आणतात, खालच्या आवाजात बोलतात. आजाराचे नाव घेतले जात नाही. ‘मोठा आजार’, ‘ती गाठ’ असे शब्द वापरले जातात. घरात उपवर मुलगी असेल तर तेही नको. मग ‘पोटाचे ऑपरेशन झाले’ असे सांगितले जाते. एकदा असे सांगितले, की ते निभावण्यासाठी हळदीकुंकू, बारसे, सत्यनारायण सगळेच टाळावे लागते. काही घरांत रुग्णाचे ताट-भांडे वेगळे ठेवले जाते. कर्करोग एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, अंथरुणाला हात लागल्याने होत नाही, हे आम्ही येथे पुन्हा एकदा स्पष्टपणे सांगतो. ज्या रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली सर्वांना खुले असे पतितपावन मंदिर उभारले, ज्या गावाने सहभोजने पाहिली, त्या गावात घरच्याच माणसाचे ताट वेगळे मांडले जावे, हे आम्हांला पटत नाही.

तथापि सगळा दोष अज्ञानाला देणे अन्यायाचे होईल. आमच्या अनुभवात रुग्णाला एकटे पाडणारी अधिक मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मायेपोटी घडते. ‘तू बस, आम्ही करतो.’ ‘कळशीला हात लावू नकोस.’ ‘ऊन लागेल, बागेत जाऊ नकोस.’ ज्या बाईने वीस वर्षे रहाटाने पाणी ओढले, लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात उभी राहिली, गवताचे भारे वाहिले, तिला अचानक पडवीतल्या खुर्चीवर बसवले जाते. घरातले काम गेले, की घरातले स्थानही हळूहळू निसटू लागते. काय करायचे, कुणाला किती मजुरी द्यायची, मुलाला कुठे घालायचे हे तिला कुणी विचारेनासे होते. तिला दुखवू नये म्हणूनच विचारत नाहीत! पुरुषांचे असेच. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला गृहस्थ नाक्यावरच्या चहाच्या टपरीकडे पाठ फिरवतो, कारण चहा ओठांच्या कडेतून ओघळतो आणि बोललेले समोरच्याला नीट कळत नाही. पोटावर शौचाची पिशवी बसवलेला माणूस एस.टी.त शेजारी कुणी बसेल म्हणून तालुक्याला जाणेच सोडून देतो.

‘आराम कर’ हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, किंवा त्या जागेवर किरणोपचार झाले, की हातातला द्रव परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. त्यामुळे काही स्त्रियांचा हात सुजतो. डॉक्टर याला लिम्फेडिमा म्हणतात. सूज येऊ नये म्हणून त्या हाताने जड उचलू नये, ओढू नये, ढकलू नये, असा सरसकट इशारा दिला जाई. सल्ला सावधगिरीचा होता, पण त्यामागे पुरावा फारसा नव्हता. स्नायू आखडतात आणि सैलावतात, तेव्हाच तो द्रव वर ढकलला जातो. न वापरलेला हात दुर्बळ होतो, खांदा धरतो, आणि मग खरोखरच काही उचलावे लागले की दुखावतो.

या समजुतीला पहिला जाहीर धक्का ज्या प्रयोगाने दिला, त्याची हकिकत समुद्रकाठच्या आपल्या गावाने ऐकावी अशी आहे. कॅनडात व्हँकुव्हर येथील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डॉ. डोनाल्ड मॅकेन्झी हे क्रीडावैद्यकाचे डॉक्टर होते. १९९६ साली त्यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना वल्ही हाती घ्यायला लावली. होडी होती चिनी धाटणीची ‘ड्रॅगन बोट’. लांबलचक, दोन्ही बाजूंना वल्हवणाऱ्यांच्या रांगा, नाळेवर ताल देणारा ढोल, मागे सुकाणू. वल्हे मारण्यात हात आणि खांदा किती लागतो, हे मिरकरवाड्याच्या आणि राजिवड्याच्या लोकांना आम्ही सांगायला नको. त्या बायकांनी आधी व्यायामाने तयारी केली, मग हंगामभर होडी वल्हवली. एकीच्याही हाताला नव्याने सूज आली नाही. एका प्रयोगासाठी जमलेल्या त्या बायकांनी नंतरही होडी सोडली नाही, आणि आज जगभर अशा शेकडो होड्यांतून कर्करोगातून गेलेल्या स्त्रिया एकत्र वल्हवतात.

या हकिकतीतला वैद्यकीय भाग महत्त्वाचा आहेच. पण आम्ही ती अनेकदा एकमेकांना सांगितली, ती वेगळ्या कारणाने. होडीत सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. कुणाला कुणाच्या डोळ्यांत पाहून स्वतःचे दुःख सांगावे लागत नाही. सर्वांनी एका तालावर वल्हे पाण्यात घालायचे, एवढीच अट. ज्याला बोलायचे तो बोलेल. न बोलणाऱ्याचेही वल्हे सगळ्यांच्या वल्ह्याबरोबरच पडते. रुग्णांना खुर्च्यांचे रिंगण करून बसवायचे आणि ‘आता आपला अनुभव सांगा’ असे म्हणायचे, ही पद्धत शहरांत चालत असेल. आमच्या माणसांना ती मानवत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोकणी माणूस चारचौघांत गप्पिष्ट असला, तरी स्वतःच्या दुखण्याबद्दल अबोल असतो. त्याला ‘मनातले बोला’ म्हटले, की तो पावसापाण्याचे बोलू लागतो. त्याच्या हातांना काही तरी काम द्यावे, शेजारी दुसरा तेच करणारा माणूस असावा. मग तासाभराने, चपला घालता घालता, तो आपसूक विचारतो, ‘तुमची चव परत आली का हो?’ त्या एका प्रश्नासाठीच बाकीचा तास असतो म्हणा ना.

व्यायामाविषयीचा पुरावा नंतरच्या वर्षांत वाढत गेला. अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला आणि २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. निम्म्या स्त्रियांनी दाब देणारी बाही घालून आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजने उचलली. सूज उसळण्याचे प्रसंग वजने न उचलणाऱ्या गटात २९ टक्के स्त्रियांना आले, उचलणाऱ्या गटात १४ टक्के स्त्रियांना. म्हणजे कळशी उचलणे हा गुन्हा नाही. रिकाम्या तांब्यापासून सुरुवात करून कळशीपर्यंत कसे जायचे, हे दाखवणारे कुणी तरी हवे.

आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाभ्यासाची मोठी चाचणी झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनिओ येथील परिषदेत ती मांडली गेली. उपचारांच्या आणि बरे होण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांना झेपतील अशी सोपी आसने, मध्ये विश्रांती आणि प्राणायाम, असा तो क्रम डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि योगशिक्षक यांनी मिळून बसवला होता, आणि जाणकार शिक्षकांनी वर्ग घेऊन तो शिकवला. दूरचित्रवाणीवर दिसणारे कोणतेही आसन घरी करून पाहणे म्हणजे हा योगाभ्यास नव्हे, हे येथे मुद्दाम सांगतो.

सर्वांत अलीकडचा आणि आम्हांला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा २०२५ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेले ८८९ रुग्ण त्यात होते. बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यदायी राहणीची माहिती देणारे साहित्य दिले. दुसऱ्या गटाला तीन वर्षे व्यायामाचा आखीव कार्यक्रम दिला, आणि त्यासाठी एक मार्गदर्शक ठरवून दिला, जो नियमाने भेटे, विचारपूस करी, अडचण सोडवी. पाच वर्षांनी रोग न उलटता असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शंभरात सुमारे ७४ होते, दुसऱ्यात ८०. आठ वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ८३ आणि ९०. हे आकडे एका प्रकारच्या कर्करोगाचे, आणि व्यायाम झेपेल एवढी प्रकृती असलेल्यांचे आहेत. ते प्रत्येक रोगाला, प्रत्येक रुग्णाला लावता येणार नाहीत. पण छापील पत्रक दोन्ही गटांकडे होते. पाठपुरावा करणारा माणूस एकाच गटाकडे होता. पत्रके छापणे स्वस्त पडते म्हणून आपण सर्वच संस्था ती उदंड छापतो.

आता आमच्या गटाविषयी थोडेसे. आमचे साधन म्हणजे एक सभागृह, सतरंज्या, पाण्याने भरलेल्या बाटल्या, काही काठ्या आणि भिंत. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यायचा, रोज एक बोट अधिक. एवढ्या व्यायामानेही महिनोन्‌महिने धरलेला खांदा सुटू लागतो. मानेतल्या ग्रंथी काढताना खांदा उचलणारा मज्जातंतू दुखावलेला असेल, तर पुरुषांचाही एक खांदा खाली उतरतो; त्यांनाही हेच. तोंड उघडत नसलेल्यांसाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आहेत. दातांमध्ये एकावर एक ठेवलेल्या काड्यांची चळत किती मावते ते पाहायचे, आणि काही दिवसांनी तीत आणखी एक काडी सरकवायची. एकट्याने आरशासमोर हे करणे फार उदासवाणे असते. चौघे समोरासमोर काड्या घेऊन बसले, की त्यात पैजा लागतात.

व्यायामाच्या नावाने न येणाऱ्या बायका झिम्म्याच्या नावाने येतात, हे आम्हांला लवकरच कळले. मंगळागौरीचे खेळ आपल्या आज्यांनी निर्माण केलेले उत्तम सामूहिक व्यायाम आहेत: टाळ्यांचा झिम्मा, पिंगा, बसफुगडी. हातात हात घालून ओढ घेणारी फुगडी शस्त्रक्रियेनंतर लगेच चालत नाही. झिम्मा मात्र बसूनही खेळता येतो. मंगळागौरीचे व्रत सुवासिनींचे, ते त्याच्या जागी आहे. सभागृहातल्या झिम्म्याला ती अट नाही, आणि पतीमागे वर्षानुवर्षे अशा खेळांतून बाजूला बसलेली एखादी बाई येथे कडे धरून उभी राहते, तेव्हा तिचा एकटेपणा कर्करोगापेक्षा जुना होता हे ध्यानात येते. पुरुषांना भजनाची पावली घालायला संकोच वाटत नाही. पावलीत तोल सांभाळावा लागतो, बधिर पायांना तेच हवे असते. ज्याचा आवाज शस्त्रक्रियेत गेला त्याच्या हाती टाळ देता येतात, आणि ताल धरणारा माणूस भजनात गाणाऱ्याइतकाच लागतो.

तास संपल्यावर पेज असते. हा खर्च कशासाठी, असा प्रश्न एका हितचिंतकांनी आम्हांला केला होता. तोंडाच्या कर्करोगातून उठलेल्या माणसाला पंगतीची धास्ती असते. पोळी चावत नाही, तिखट सोसत नाही, आणि सगळे पाहतात. पण मऊ भाताची पेज आपल्याकडे सकाळी घरोघरी खाल्ली जाते. ती सर्वांच्या वाटीत सारखीच असते. तिथे कुणी रुग्ण म्हणून वेगळा खात नाही. बरोबर लोणच्याचा खार असतो, ज्याला सोसेल त्याने घ्यावा.

आमचे वेळापत्रक एस.टी.च्या वेळापत्रकावर चालते. सकाळच्या गाडीने माणसे पोहोचली पाहिजेत आणि दुपारची परतीची गाडी चुकता कामा नये. आषाढात लावणी आणि निसरड्या वाटा, चैत्र-वैशाखात आंब्याची कामे. त्या महिन्यांत हजेरी घटते आणि ती घटणारच. उलट बाई कामाला गेली म्हणून आली नाही असा निरोप आला, तर आम्ही त्याची नोंद समाधानाने करतो.

सर्वांत अवघड असतो तो पहिला दिवस. डॉक्टरांनी लिहून दिले तरी माणूस येत नाही, आम्ही फोन केला तरी येत नाही. त्याच आजारातून गेलेले कुणी तरी घरी जाऊन बसले, की बहुधा येतो. ही युक्ती आमची नव्हे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या बाईंनी स्वतःच्या स्तनशस्त्रक्रियेनंतर इतर स्त्रियांच्या खाटेशी जाऊन हात कसा हलवावा, कपडे कसे शिवावेत हे सांगायला सुरुवात केली. त्यांच्या त्या भेटीगाठींतून पुढे ‘रीच टू रिकव्हरी’ हे जगभर पसरलेले काम उभे राहिले. आपल्याकडे फरक इतकाच, की भेटायला जाणाऱ्या बाईला दोन डोंगर ओलांडावे लागतात.

एका गोष्टीबद्दल कुटुंबीय आम्हांला हलक्या आवाजात विचारतात. गटातले कुणी गेले तर? बाकीचे खचणार नाहीत का? हा प्रश्न खरा आहे. प्रत्येकाचा रोग मागे राहत नाही. काहींचा उलटतो, आणि सतरंजीवरची एखादी जागा रिकामी होते. ते आम्ही लपवत नाही. त्या दिवशी तास सुरू होण्यापूर्वी सर्वांना सांगतो, दोघे-तिघे त्या घरी जाऊन येतात, आणि मग व्यायाम होतो. रुग्णांना मृत्यू ठाऊक नसतो असे मानणे ही निरोग्यांची सोय आहे. ज्यांचा रोग उलटला आहे असेही काही जण येत राहतात, भिंतीला टेकून बसतात, जमेल तेवढे हात हलवतात. त्यांना येऊ देऊ नये असे सुचवले गेले होते. गटाने ते मानले नाही.

देणगीदारांपुढे एक निवेदन करावयाचे आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांसाठी शासकीय योजनांचा आधार पुष्कळ रुग्णांना मिळतो. यंत्रासाठी देणगी मागितली तर ती मिळते. यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटी लावता येते, आणि ती लागावी यात गैर काही नाही. परंतु एस.टी.च्या तिकिटावर पाटी कशी लावणार? आम्हांला हवे आहे ते असे: तालुक्यांच्या ठिकाणी महिन्यातून काही दिवस जाऊ शकेल असा एक भौतिकोपचारतज्ज्ञ, त्याचे मानधन, ज्यांना परवडत नाही त्यांचे आणि सोबत येणाऱ्याचे भाडे, दाब देणाऱ्या बाह्या आणि पेजेचे तांदूळ. बाही काही महिन्यांनी सैल पडते आणि नवी घ्यावी लागते, म्हणून हा खर्च एकदा करून संपणारा नाही. मंडणगड-दापोलीपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांचा आपला जिल्हा. एकट्या रत्नागिरी शहरातल्या सभागृहाने तो कसा पुरा पडावा? गावच्या मंदिराचा मंडप, शाळेचा वर्ग, अंगणवाडीची पडवी यांपैकी काहीही चालेल. विश्वस्तांनी यंदाच्या अंदाजपत्रकात या कामाला स्वतंत्र रकाना द्यावा, एवढी आमची विनंती आहे.

कुटुंबीयांना आमचे सांगणे थोडक्यात आहे. रुग्णाला घरातले एखादे काम परत द्या. तांदूळ निवडणे असो, हिशेब असो, गुरांना पाणी दाखवणे असो. आजाराचे नाव घ्यायला त्याची हरकत नसेल तर आपण घ्यावे. थकवा येतो तो खराच असतो, ढोंग नसते. पण उपचारानंतरचा हा थकवा पडून राहिल्याने वाढतो आणि थोड्या थोड्या हालचालीने उतरतो. मात्र ताप असेल, रक्तातील पेशी कमी झाल्या असतील, रोग हाडांत गेलेला असेल, धाप लागत असेल, किंवा हात एकाएकी लाल होऊन सुजला असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे. गटात येण्यापूर्वीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

येताना ती चिठ्ठी आणि फाइल आणावी. साडी असली तरी चालते, वेगळा पोशाख लागत नाही. शुल्क नाही. पहिल्या दिवशी नुसते बसून पाहिले तरी हरकत नाही. तसे पुष्कळांनी केले आहे. सोबतीला घरचे कुणी नसेल तर आदल्या दिवशी रुग्णालयात निरोप द्यावा. सकाळच्या गाडीच्या वेळेला गटातले कुणी ना कुणी बसस्थानकावर उभे असते.